झोपायची वेळ कोण ठरवणार? (अपंग व्यक्ती, घरचे आणि मदतीवरचा ताबा)

दिठी

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातपाय ताठ होतात, बोलणं फक्त घरच्यांना कळतं आणि आम्हालाही पूर्ण कळत नाही. म्हणून तो अक्षरफळी वापरतो. काचेसारखी आरपार दिसणारी फळी दोघांच्या मध्ये धरायची, तो एकेका अक्षराकडे बघणार, समोरच्याने ते मोठ्याने म्हणायचं, बरोबर असेल तर तो डोळे मिटतो. एका वाक्याला तीन-चार मिनिटं लागतात. वाचन दांडगं, मतं त्याहून दांडगी. हे मुद्दाम लिहिते, कारण घरी आलेली माणसं त्याच्यासमोर उभी राहून मला विचारतात, "याला काय हवंय?"

चार वर्षांपासून एका संस्थेकडून त्याला मदतनीस मिळतो. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. संध्याकाळची पाळी आठला संपते, म्हणून माझा भाऊ आठला अंथरुणात. चौतिशीतला माणूस, रोज, बारा महिने. मदतनीस त्याला खुर्चीतून उचलतो, कुशीवर वळवतो, गुडघ्यांमध्ये उशी ठेवतो, दिवा मालवतो आणि जातो. बाहेर बाकीचं घर जागं असतं, बोलण्याचे आवाज येत असतात, आणि हा अंधारात भिंतीकडे तोंड करून पडलेला.

[संपादन: इथे एक परिच्छेद होता. भावाच्या सांगण्यावरून काढला आहे.]

मी संस्थेला विचारलं, संध्याकाळची वेळ दहापर्यंत नेता येईल का? वेळापत्रकात बसत नाही म्हणाले. बरं, सकाळचा एक तास कमी करून रात्री द्या. तास असे हलवता येत नाहीत म्हणाले. मदतनीस बदलणार असेल तर आदल्या संध्याकाळी कळतं, कधी तेही नाही. वर्षभरात नऊ माणसं बदलली. दर वेळी नवा माणूस येणार, तासाभराची ओळख नाही आणि अंगावरचे कपडे उतरवणार. यातला एकही माणूस भावाने निवडलेला नाही, कुणाला नको म्हणायची सोयही नाही.

आम्हाला मिळणारे तास अगदीच कमी आहेत असं मी म्हणणार नाही. पण ते तास त्याचे नाहीत. काही देशांत मदतीचा पैसा थेट त्या व्यक्तीच्या हातात देतात आणि माणूस, वेळ, काम सगळं तिनेच ठरवायचं, असं वाचलंय. कुणाला अनुभव आहे का? झेपतं का? आणि ज्याला बोलायला इतका वेळ लागतो, त्याच्या हातात हा ताबा खरंच राहतो, की शेवटी आम्हा घरच्यांच्याच हातात येतो?

चाकांवरून

दिठीताई, आधी एक विचारतो. हा धागा भावाला विचारून काढलात का? रागाने विचारत नाही, तुमची तळमळ कळते. पण तो आंघोळीबद्दलचा परिच्छेद वाचताना त्याच्या जागी मला मी दिसलो. माझ्या बहिणीने असंच कुणाला तरी सगळं सांगितलं होतं. मदत मिळावी म्हणूनच सांगितलं होतं. तरी आठवडाभर मी तिच्याशी धड बोललो नव्हतो.

माझा मणका अपघातात गेला, छातीखाली संवेदना नाही. पहिली सहा वर्षं घरच्यांनी केलं, जीव लावून केलं. पण घरच्यांना कामं सांगताना तोंडातून शब्द फुटत नाही हो. आईची कंबर दुखतेय हे दिसत असताना रात्री दोनला "कूस बदल" म्हणणं जमत नाही, मग पडून राहायचं आणि सकाळी पाठीला लाल चट्टा. दाबाच्या जखमेने एकदा चार महिने पालथा होतो. पुढे स्वतः निवडलेला मदतनीस मिळाला तेव्हा पहिल्यांदा मला "आत्ता" हा शब्द वापरता आला. त्याचं ते काम आहे, त्याचा मोबदला त्याला मिळतो, मी मिंधा नाही. आईसुद्धा पुन्हा आई झाली. माझ्याजवळ येऊन नुसती बसायला लागली.

या सगळ्या विचाराचं मूळ शोधायचं तर अमेरिकेत एड रॉबर्ट्सपर्यंत जावं लागेल. चौदाव्या वर्षी पोलिओ, मानेखाली जवळजवळ सगळं निकामी, श्वासासाठी रात्री लोखंडी फुप्फुसात झोपायचा. १९६२ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातल्या बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला. ते यंत्र मावेल अशी खोली वसतिगृहात नव्हती म्हणून त्याला विद्यापीठाच्या रुग्णालयात राहायला दिलं. मागोमाग तसेच आणखी विद्यार्थी आले आणि एकमेकांकडून शिकले की आपला मदतनीस आपणच नेमायचा, आपणच शिकवायचा, पटलं नाही तर आपणच काढायचा. १९७२ मध्ये तिथेच, अपंगांनीच चालवलेलं, स्वतंत्र जगण्याचं पहिलं केंद्र उभं राहिलं. नोकरी करण्याच्या पलीकडचा अपंग असा शेरा मारून ज्या पुनर्वसन खात्याने त्याला एकेकाळी मदत नाकारू पाहिली होती, त्याच राज्याच्या खात्याचा तो १९७५ मध्ये संचालक झाला.

त्याचं म्हणणं मला पुरेपूर पटतं. शर्टाची बटणं स्वतः लावता येण्यात स्वातंत्र्य नसतं. कुठला शर्ट, कधी, कुणाच्या हातून, हे मी सांगतो की नाही त्यात ते असतं. बटणं लावायला माझा पाऊण तास जाणार असेल तर तो वेळ मला माझ्या कामाला हवा.

दिठी

नाही विचारलं. धागा काढते आहे एवढं सांगितलं होतं, काय लिहिते आहे ते नाही. आज रात्री पूर्ण वाचून दाखवते. धन्यवाद म्हणायलाही जरा लाजच वाटते आहे, पण धन्यवाद.

हिशेब

मी सरकारी हिशेब तपासणीत आयुष्य काढलं, त्यामुळे काहींना न आवडणारा मुद्दा मांडतो. पैसा थेट हातात दिला की तो भलतीकडे जातो. विशेषतः जिथे ती व्यक्ती बोलू शकत नाही आणि कारभार नातेवाईक बघतात तिथे. मालमत्तेसाठी अपंग भावाला खोलीत कोंडून ठेवणारे सख्खे भाऊ मी पाहिले आहेत. संस्था निदान कुणाला तरी उत्तरदायी असते. त्या भावाच्या बाजूने कोण उभं राहणार?

पानगळ

हिशेबकाका, प्रश्न रास्त आहे. पण दुसऱ्या बाजूचा पुरावाही तपासायला हवा.

अमेरिकेत आर्कान्सामध्ये १९९८ मध्ये, आणि नंतर न्यू जर्सी आणि फ्लोरिडात, हा प्रयोग रीतसर करून पाहिला. इच्छुकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला नेहमीसारखी एजन्सीची माणसं, दुसऱ्याला तेवढ्याच मदतीचं बजेट आणि सोबत एक सल्लागार. बऱ्याच जणांनी ओळखीचीच माणसं नेमली, नातेवाईकसुद्धा. दुसरा गट कितीतरी अधिक समाधानी निघाला. न भागलेल्या गरजा कमी झाल्या, तब्येतीच्या तक्रारी वाढल्या नाहीत, पैशाच्या गैरवापराची प्रकरणं क्वचितच सापडली. बहुतेकांचे पगार आणि कर हिशेबनीस संस्था बघत होती, रोख पैसा फार थोड्यांच्या हातात गेला. म्हणजे तपासणी होतीच, फक्त ती माणसाच्या झोपेच्या वेळेवर बसलेली नव्हती.

ब्रिटनमध्ये तर अशी रोख रक्कम देणं स्थानिक प्रशासनाला कायद्यानेच बंद होतं. हॅम्पशायरमधल्या एका निवासी संस्थेतल्या काही अपंगांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'प्रोजेक्ट ८१' नावाने हट्ट धरला की संस्थेत आमच्यावर होणारा खर्च आम्हाला द्या, आम्ही बाहेर घर करून मदतनीस नेमतो. वाटाघाटी करून, आडवाटेने पैसा वळवून ते बाहेर पडले आणि राहून दाखवलं. कायदा झाला १९९६ मध्ये, लागू झाला एप्रिल १९९७ मध्ये, तोही सुरुवातीला ६५ वर्षांच्या आतल्यांसाठीच. लोकांनी आधी जगून दाखवलं आणि कायदा मागून आला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

स्वीडनमध्ये १९९४ पासून वैयक्तिक मदतनीस हा कायद्याने हक्क आहे. मूलभूत गरजांसाठी आठवड्याला २० तासांहून जास्त मदत लागत असेल तर पैसा देशाच्या सरकारी विमा यंत्रणेकडून येतो. तो हक्क मिळवण्यात आडॉल्फ राट्झका यांचा मोठा वाटा. ते स्वतः पोलिओमुळे व्हीलचेअर आणि श्वासयंत्र वापरत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मदत घेणाऱ्यांचीच सहकारी संस्था काढली. सभासद अपंग, संचालकही अपंग. प्रत्येकाने आपापले मदतनीस निवडायचे, पगार-कर-रजा यांची कटकट संस्थेने बघायची. एकट्याने मालक व्हायची भीती वाटणाऱ्यांसाठी हा मधला रस्ता मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

राहिला कोंडून ठेवणाऱ्या भावांचा मुद्दा. काका, कोंडलेली माणसं संस्थांमध्येही सापडतातच, आणि तिथे दार बाहेरच्याला जास्त बंद असतं. त्या व्यक्तीच्या आयुष्यात येणारी-जाणारी माणसं जितकी जास्त, तितकी ती सुरक्षित.

हिशेब

शेवटच्या वाक्यावर विचार करतो आहे. सल्लागार आणि वेगळा हिशेबनीस असेल तर माझा निम्मा विरोध मावळतो. निम्मा अजून आहे.

लेकीची_आई

दिठी, तुझ्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहिते. माझी मुलगी २६ वर्षांची, बौद्धिक अक्षमता, शब्द तीस-चाळीस. तिला "तुला काय वाटतं" असं विचारून उत्तर येत नाही. म्हणून वीस वर्षं मीच ठरवत आले आणि मला खात्री होती की मला तिचं मन कळतं.

मग एका शिक्षिकेने एक गोष्ट करायला लावली. दोन कपडे समोर धरायचे आणि गप्प बसायचं. मनात वीस मोजायचे. मी पाचपर्यंत पोचले की बोलायची, "हा निळा घालू या ना?" ती लगेच निळ्याला हात लावायची. शिक्षिका म्हणाली, हात तुम्ही लावलात. पुढच्या वेळी तोंड घट्ट मिटून बसले. पंधराव्या-सोळाव्या सेकंदाला तिचा हात उठला, निळ्यावरून पुढे गेला आणि करड्यावर थांबला. मग दोन्हींच्या जागा बदलून पुन्हा धरले, तरी करडाच. तिच्या कपाटात करडा एकच होता. बाकी सगळे निळे, मी आणलेले.

आता आमच्याकडे एक वही आहे. कुठल्या मदतनिसाजवळ ती सैल बसते, कुणी आलं की अंगठा चावते, कुठल्या जागेतून निघताना पाय ओढते, सगळं तारखेसकट. ती बोलून सांगत नाही तो तिचा कौल त्यात असतो. एक मुलगी आम्हाला फार आवडली होती, वक्तशीर, नीटनेटकी. वहीत सहा आठवडे अंगठा चावल्याच्या नोंदी. तिला सोडावं लागलं. कारण मला आजही माहीत नाही, पण कारण माहीत असणं ही माझी अट का असावी?

आणि हे सगळं माझ्या एकटीच्या हातात नको म्हणून आम्ही पाच जण आहोत. मी, तिचा मामा, शेजारची तिची मैत्रीण, ती शिक्षिका आणि तिचा जुना मदतनीस. महिन्यातून एकदा बसतो, तीही बसते, कंटाळली की उठते, उठली की सभा संपते. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात अशा मंडळाची रीतसर नोंदणी करून एकाच व्यक्तीसाठी छोटी संस्था करतात, तिला मायक्रोबोर्ड म्हणतात. कल्पना तिथूनच घेतली. त्याच प्रांतात १९९६ च्या एका कायद्याने अशा व्यक्तीला आपला निर्णय-साथीदार स्वतः नेमता येतो. पेरूने तर २०१८ मध्ये अपंग प्रौढांवरचं पालकत्वच बंद करून त्या जागी निर्णयाला आधार देण्याची पद्धत आणली. पालकाने तिच्या जागी बसून ठरवणं आणि तिच्या शेजारी बसून तिला ठरवू देणं या दोन गोष्टींत मी वीस वर्षं फरकच केला नव्हता.

हिशेबकाका, पाच जण असले की एकाला हात मारता येत नाही. तुमच्या उरलेल्या निम्म्यासाठी हे.

हातभार

मी मदतनीस आहे. बारा वर्षं. आधी एजन्सीत, आता दोन माणसांकडे थेट.

एजन्सीत एका सकाळी सात घरं करायचो. कुणाला आधी उजवी बाही लागते, कुणाची मान कशी धरायची, हे कळायच्या आत घर बदलायचं. उशीर झाला की बोलणी ऐकायची, आणि घाई केली की माणूस दुखावतो. लोकांना वाटतं आम्हाला फिकीर नसते. फिकीर करायला वेळच नसायचा.

थेट कामात समाधान जास्त आहे. दादा सांगतात तसं करतो, रोज तेच हात असले की अंग ताठत नाही, उचलताना ते स्वतःचं वजन बरोबर वेळेला पुढे झोकतात. पण आमच्याही बाजूचं लिहा कुणीतरी. एजन्सीत आजारपणाची रजा होती. इथे मी आजारी पडलो तर दादा अंथरुणातच राहणार, म्हणून ताप घेऊन जातो. उचलायचं यंत्र आणा म्हणून एका घरी सांगितलं तर वर्ष गेलं, तोवर माझी कंबर गेली. ताबा त्यांच्याकडे असावाच. पण बजेट करताना बदली माणसाचे तास, शिकवण्याचे तास आणि यंत्र हे पहिल्या दिवसापासून धरलेलं पाहिजे, उरलं तर बघू असं नको.

चाकांवरून

हातभार, १००% सहमत. माझा पहिला मदतनीस मी असाच गमावला. चूक माझी होती, उचलायचं यंत्र घेतल्याने मी ओझं ठरेन असं मला वाटायचं.

रात्रपाळी

सगळे ताब्याचं कौतुक करताहेत म्हणून आमचंही सांगतो. आम्ही परदेशात आहोत, मुलाच्या मदतीचं बजेट दोन वर्षं स्वतः सांभाळलं. मुलगा ऑटिस्टिक, दिवसरात्र लक्ष लागतं. ताबा मिळाला आणि त्याबरोबर एक अख्खी कचेरी घरात आली. जाहिरात द्या, मुलाखती घ्या, हजेरी ठेवा, पगार करा, पावत्या चढवा, अमुक खर्च का केला याचं पत्र लिहा. मुलगा झोपला की रात्री एकपर्यंत मी आणि बायको समोरासमोर बसून पावत्या लावायचो. पूर्वी हे काम पगारी माणसं करायची. तिसऱ्या वर्षी आम्ही अर्धं परत संस्थेकडे दिलं. हरल्यासारखं वाटलं.

कृपया कुणी "कुटुंबाला अधिकार दिले" असं म्हणून कुटुंबावर काम ढकलू नका.

पानगळ

रात्रपाळी, हरलात कसले? काय आपल्याकडे ठेवायचं आणि काय सोडायचं हे तुम्हीच ठरवलंत. ऑस्ट्रेलियात २०१३ च्या कायद्याने अपंगांच्या मदतीची जी राष्ट्रीय योजना आली तिच्यात ही वाट धरलेली आहे. सगळं स्वतः सांभाळा, किंवा बिलं भरायला योजना-व्यवस्थापक घ्या आणि त्याचे पैसे योजनाच देईल, किंवा यंत्रणेला करू द्या. तिन्हींचं मिश्रणही चालतं. त्या योजनेबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण ही सोय चांगली.

दुसरी भीती मला जास्त वाटते. ताबा दिला म्हणतात आणि एका परिपत्रकाने काढून घेतात. न्यूझीलंडने २०२२ मध्ये अपंगांसाठी स्वतंत्र मंत्रालय काढलं. पैसा कशावर खर्च करायचा याची बरीच मोकळीक तिथे लोकांना मिळाली होती. मार्च २०२४ मध्ये खर्चाचे नियम अचानक आवळले गेले, विचारविनिमय न करता. घरच्या काळजीवाहूंना चार श्वास घ्यायला ज्या गोष्टी लागायच्या त्यांतल्या बऱ्याच यादीतून गेल्या. लोक खवळले ते पैशाइतकेच न विचारण्यावर. अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराचं एकोणिसावं कलम सांगतं की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे अपंग व्यक्तीने इतरांइतक्याच मोकळेपणी ठरवावं, विशिष्ट व्यवस्थेत राहायची सक्ती तिच्यावर नसावी. २०१७ मध्ये कराराच्या समितीने त्यावर भाष्य करताना वैयक्तिक मदतनिसाची खूण स्पष्ट केली: पैसा त्या व्यक्तीच्या गरजेवर ठरलेला आणि तिच्या ताब्यात, आणि मदतनिसाला सूचना देणारी ती स्वतः. पैसा दिला पण यादी आम्ही ठरवू म्हटलं, की त्यातलं अर्धं गेलं.

दिठी

तीन आठवड्यांनी येते आहे, माफ करा. पहिल्या रात्री सगळा धागा भावाला वाचून दाखवला. परिच्छेद काढायला सांगितला, तो काढला. बाकीचं राहू दे म्हणाला. मग फळीवर एक शब्द: "वेळापत्रक".

संस्थेचं वेळापत्रक त्याला हवं होतं. चार वर्षांत आम्ही ते त्याला कधी दाखवलंच नव्हतं, फ्रीजच्या दारावर लावलेलं होतं, त्याच्या खुर्चीतून न दिसणाऱ्या उंचीवर. त्याने दोन संध्याकाळी घालवून नवं बनवलं. सकाळची मदत दीड तास पुरे, उरलेले अर्धे-अर्धे तास साठवून आठवड्यातून तीन रात्री उशिरा माणूस हवा. मला वाटलं होतं तो रोज रात्रीचं मागेल. त्याला तीनच रात्री हव्या होत्या, त्यातली एक पूर्ण एकट्याची, आम्ही घरात नसताना. हे मला सुचलंच नसतं. लेकीची_आई, तुमचे वीस आकडे रोज मोजते आहे.

संस्थेने पुन्हा नाही म्हटलं. या वेळी पत्र त्याच्या नावाने आणि त्याच्या शब्दांत होतं, उत्तर मात्र माझ्या नावाने आलं. त्याने ते परत पाठवायला लावलं. दुसरं उत्तर त्याच्या नावाने आलं आहे, भेटीची वेळ दिली आहे. थेट पैशाची वाट आम्हाला सध्या खुली नाही, पण तीन रात्रींवर बोलणी सुरू आहेत. बदली माणसाचे तास आणि उचलायचं यंत्र या दोन ओळी हातभार यांच्यामुळे पत्रात आल्या.

खालचं त्याचं आहे. मी फक्त टंकलं, चाळीस मिनिटं लागली, एक अक्षरही बदललेलं नाही.

दिठीचा भाऊ

चाकांवरून, तुम्ही विचारलंत म्हणून मला विचारलं गेलं. भेटीला मी जाणार. ताई फळी धरेल, बोलणार नाही. तुम्ही मदतनिसाला पहिल्या मुलाखतीत काय विचारता?

चाकांवरून

मी तीन गोष्टी विचारतो. मी चुकीचं ठरवतोय असं वाटलं तर काय कराल? तुमच्या आजारपणात कुणाला फोन करायचा हे आपण आजच ठरवू शकतो का? आणि तिसरा प्रश्न मुद्दाम हळूहळू, थांबत थांबत विचारतो, माझं वाक्य तो मध्येच पूर्ण करतो का ते बघायला.